दाणा

सराफ कट्ट्यावर, माझ्या गादीसमोर
दर माघात येऊन बसायचा तो, टोपी मांडीवर,
मंद्रूपकडचा गुरुबसप्पा हळकुडे.
सोनं घ्यायला कधीच नाही.
धोतराच्या सोग्यातून काढायचा
रिकाम्या पितळी पुंगळ्या, अकरा की बारा,
आणि म्हणायचा, 'तराजू द्या की ओ अर्धा तास.
पंखा तेवढा बंद करा.'

पंखा बंद.
माघ असला तरी सोलापूरची दुपार ती.
चिमट्यानं तो कणी सोडायचा पारड्यात,
काळपट, जिऱ्याच्या तुकड्याएवढी दारू,
आणि काटा थरथरून उभा राहीपर्यंत
आम्ही दोघंही श्वास घेत नसू.

'कारखान्याची पेटी मिळते की,' मी एकदा म्हणालो.
'ओळीत मांडलेल्या, पेढ्यांसारख्या.
परवान्यावर नोंद केली, झालं.'
'मिळते. चांगली असते, खोटं कशाला बोलू.
पण ती कुणाच्याही बंदुकीची असते.
माझी म्हातारी जरा डावीकडं ओढते.
तिला काय पचतं ते मला ठाऊक.'

मग पारड्याकडं बोट करून:
'ह्याचं माप ग्रेन. ग्रेन म्हणजे दाणा.
कुण्या साहेबानं गव्हाचा धरला असणार.
आमच्याकडं आला असता
तर मालदांडीचा धरला असता बघा.'
आणि हसला, दात नसलेल्या बाजूनं.
दाणा-दाणा मोजून दारू भरायची,
डुकरानं दाणा खाऊ नये म्हणून.

माझ्याकडं तेव्हा कोइमतूरच्या साखळ्या यायला लागल्या होत्या,
यंत्रावर ओवलेल्या,
कडी कडीची जुळी बहीण, मागं शिक्का.
माझ्या हातच्या साखळीला मात्र
गिऱ्हाईक भिंग मागायचं.
ह्यावर मी त्याच्याशी काही बोललो नाही.
पंखा लावला.

त्या वर्षी डुकरांनी मका लोळवला, मग शाळूत शिरली.
वनखात्याचा कागद आला, मुदत आठ दिवस.
सातव्या रात्री माळ्यावर तो आणि पुतण्या शिवलिंग.
खिशात दोन गोळ्या:
एक पुतण्यानं आणलेली, पेटीतली,
एक माझ्या तराजूवरची.
थंडी अशी की स्वतःची बोटं परक्याची वाटावीत.
ताटं हलली. बंदूक बोलली.
खटका ओढला, पुन्हा बोलली.
एक मातीत गेली.
एकीनं सुळेवाला जागीच बसवला.

सकाळच्या यष्टीनं स्वतःच आला.
'कुठली लागली?' मी विचारलं.
दोन पुंगळ्या त्यानं गादीवर उभ्या केल्या.
'तेच तर. आधी कुठली भरली, आठवत नाही.
माळ्याखाली दोन्ही एकमेकींना चिकटून पडलेल्या.'
'शिक्का बघा की बुडाचा.'
'दोन्हींवर कारखान्याचाच आहे ओ.
मी भरतो ते त्यांच्याच रिकाम्यात.
आणि माझी काळवंडलेली असायची, तर
तुम्हीच शिकवलाव चिंचेचं पाणी.
घासून घासून नवी करून ठेवली मी.'

शिवलिंग गावात सांगत फिरतोय, पेटीतलीच लागली.
म्हातारा काहीच सांगत नव्हता.
नखानं एकीची कड चाचपत होता,
जशी मी चाचपतो जुन्या दागिन्याची,
डाग माझ्या हातचा आहे का म्हणून.

'तोला,' म्हणाला.
'तोलून काय कळणार? दारू तर जळाली.'
'तोला ओ.'

मीच उठून पंखा बंद केला.
एक पुंगळी इकडं, एक तिकडं.
काटा थरथरत होता
तेवढ्यात दार उघडलं, वारा आला,
बार्शीकडचं जोडपं, लग्नाची खरेदी.
'साखळी दाखवा.'
'कसली?' मी विचारलं.

हळकुडे सरकला, त्यांना जागा दिली.
पारडी अजून हलत होती.